हळदीचं बोट

“सतरा टक्के,” प्रतिक्षा म्हणाली आणि तिचा आवाज अर्ध्यावरच बसला.

केंद्राच्या तपासणीला आलेल्या समितीच्या बाईंनी चष्म्यावरून यंत्राकडे पाहिलं. “वसमतच्या मोंढ्यातली वाळलेली हळद ना ही? मग ओलावा सतरा कसा?”

दाराशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या देविदासने जवळच्या टेबलावरचं एक हळकुंड हळूच उचललं, कानाजवळ नेलं आणि मोडलं. कट्ट असा खणखणीत आवाज आला. हळद कडक वाळलेली होती, म्हणजे चुकत होतं ते यंत्रच.

देविदासने वसमतच्या मोंढ्यात, तिथल्या हळदीच्या बाजारात, बावीस वर्षं पोती उचलली होती. कंबर गेली तेव्हा हिंगोलीला विद्यापीठाच्या उपकेंद्रात कंत्राटी मदतनीस म्हणून लागला. तिथं नवे उद्योग घडवायचं केंद्र निघालं होतं. पाच वर्षांत त्या केंद्राने फीत कापली, फोटो काढले आणि प्रमाणपत्रं तर इतकी वाटली की बारशाच्या घुगऱ्याही कोणी इतक्या वाटत नाही. यंत्रं मात्र प्लास्टिकखाली झाकलेलीच राहिली. मार्गदर्शक पुण्याहून पडद्यावर बोलायचे आणि साडेपाचला कुलूप लागायचं. जवळा बाजार गावची प्रतिक्षा तेवढी नेटाने टिकली. उजेडाच्या आधाराने हळदीचा ओलावा सांगणारं यंत्र ती दोन वर्षं जुळवत होती. तिच्यासाठी देविदास शनिवारीही दार उघडून स्टुलावर बसून राहायचा. “आधी तू कानानं शीक, मंग मशीनीला शिकव,” असं म्हणून त्यानेच तिला हळकुंड मोडायला शिकवलं होतं.

केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे आज ठरणार होतं. दाखवण्यासारखं काम एकट्या प्रतिक्षाचं होतं. ते फसलं तर केंद्रही जाणार आणि पोरीची दोन वर्षंही.

देविदासची नजर यंत्राच्या तोंडाशी असलेल्या इवल्याशा काचेवर गेली. तीन दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, त्याने सगळी यंत्रं पुसून, फूल वाहून एकेकाला हळदीचं बोट लावलं होतं. प्रतिक्षाच्या यंत्राला जरा जास्त मायेने, अगदी काचेवर. आज सकाळी ओल्या फडक्याने पुसलंही होतं. पण हळद अशी पुसून जाते का कुठे? बावीस वर्षं त्याच्या नखांतून ती गेली नव्हती.

भिंतीवर विजयकुमार सरांची सूचना होती : नोंदणी झालेल्यांशिवाय कोणीही यंत्रांना हात लावू नये. सर केंद्राचे प्रमुख होते. देविदासचं कंत्राट दिवाळीला संपत होतं आणि “एक जरी तक्रार आली तर माझे हात बांधलेले असतील,” असं त्यांनी बजावलं होतं. घरी शालूबाई होती, तिची गुडघेदुखी होती. गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? तो क्षणभर गप्प बसलाही. त्या क्षणाची त्याला पुढे फार लाज वाटली.

“बाई, मशीन खोटी न्हाई,” तो म्हणाला. “चूक म्या केली. खंडेनवमीला काचेवर हळद लावली.”

“देविदास!” सर ओरडले.

प्रतिक्षाने स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसली. बोळा पिवळाधमक झाला. तिने तेच हळकुंड पुन्हा ठेवलं. नऊ. पुन्हा ठेवलं. नऊच.

बाई देविदासकडे वळल्या. “तुम्हाला काय वाटतं? बरोबर सांगतंय?”

“बराबर हाय. धाच्या वर न्हाई.”

“पाच वर्षं तुम्ही इथं आहात. हे केंद्र सुधारायचं तर काय करावं?”

सर खाकरले. पण देविदासला आता गमावायचं काही उरलं नव्हतं.

“मोंढ्यात न्या बाई. हफ्त्यातून एक दिस तिथंच टेबल टाका. मशीन हितं एसीत बसून राहिली, तिला धूळ ठाव न्हाई. आज माह्या बोटानं फसली, उद्या कास्तकाराच्या बोटानं फसंल. त्याचे हात तर वरीसभर पिवळेच असत्यात. अन् कुलूप साडेपाचला काहून लावता? कास्तकाराची पोरं दिवसा रानात असत्यात.”

बाईंनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

दिवाळीआधी अहवाल आला. केंद्र चालू राहणार होतं. दर आठवड्याला मोंढ्यात चाचणी घ्यावी, दार रात्री आठपर्यंत उघडं ठेवावं, असं त्यात होतं. ते कोणी सुचवलं, हे नव्हतं. शेवटी आणखी एक ओळ होती : यंत्रांच्या खोलीत फक्त प्रशिक्षित माणूसच नेमावा. सरांनी ती मान खाली घालून वाचली.

“समजलं सर,” म्हणत देविदासने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

प्रतिक्षा फाटकापर्यंत आली. “मामा, तुमी बोललातच काहून?” ती रडत होती.

“मंग काय तुही दोन वर्सं बुडू देऊ?” तो म्हणाला. त्यालाही भरून आलं होतं, पण त्याने बसची वेळ विचारली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी वसमतच्या मोंढ्यात टेबल लागलं. शेतकऱ्यांची रांग होती. देविदास सगळ्यांच्या मागे येऊन उभा राहिला. प्रतिक्षाचं लक्ष नव्हतं. एका म्हाताऱ्याने दिलेलं हळकुंड तिने आधी कानाजवळ नेऊन मोडलं, थोडं थांबली आणि मगच यंत्रात ठेवलं.

रांग पुढे सरकली तसा देविदास टेबलाच्या अगदी जवळ आला. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि आकडा उमटायची वाट पाहत उभा राहिला.