बॉल वरच ठेव

निवड समितीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही निकाल आधीच माहीत होता. तरी चाचणी घ्यावी लागते, कागदावर सह्या लागतात.

शिडी कोर्टवर एकटीच अंग मोकळं करत होती. शिडी हे नाव मीच ठेवलेलं. बारा वर्षांची असताना ती पाच फूट नऊ इंच होती आणि शाळेतल्या बाई तिला रागावतानासुद्धा मान वर करायच्या. त्या वर्षी कुणाच्या तरी वडिलांनी मॅचमध्ये तिचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. ही रिंगखाली उभी, भोवती चार पोरी उड्या मारताहेत, आणि ही शांतपणे बॉल डोक्यावर धरून एकेक बास्केट करतेय. आठ दिवसांत वीस लाख लोकांनी तो पाहिला. मग वार्ताहर आले, बुटांच्या जाहिरातवाले आले, उद्याच्या दहा तारकांची यादी आली आणि त्यात ही पहिली. तोवर मला कुत्रंही विचारत नव्हतं. आता मी ‘शिडीचे सर’ झालो. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं.

मी तिला एकच गोष्ट शिकवली. “बॉल वरच ठेव. खाली आणलास की या बुटक्या हिसकावून नेतील.” पोर ऐकणारी. पाच वर्षं तिनं तो खाली आणला नाही. बॉल आपटत पळणं, ज्याला आम्ही ड्रिबलिंग म्हणतो, ते आमच्याकडे नऊ वर्षांची मुलं पहिल्या आठवड्यात शिकतात. तिला मी ते शिकवलंच नाही. शिकवायला घेतलं असतं तर मध्ये दोन-चार मॅच हातच्या गेल्या असत्या, आणि हरणारी शिडी बघायला कोण येणार होतं?

मग ती वाढायची थांबली. बाकीच्या वाढल्या. अठराव्या वर्षी शिडी पाच फूट साडेनऊ इंच, आणि समोरच्या संघातली रिंगखालची पोरगी सहा फूट दोन. तिथे हिची डाळ शिजेना. वार्ताहर दुसऱ्या कुणाकडे गेले. त्या व्हिडिओखाली अजूनही अधूनमधून कुणीतरी लिहितं, ‘ही सध्या कुठे असते?’ कुठे असणार, कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून एकटी जेवत असते. तिला मैत्रिणी जोडायला कधी सवडच मिळाली नाही. पोरी यायच्या त्या फोटोत शेजारी उभं राहण्यापुरत्या. मी दोन टेबलं सोडून जेवतो. माझ्याही घरी वाट बघणारं कुणी नाही. पण ताट उचलून तिच्यासमोर जाऊन बसावं, हे मला कधी जमलं नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

आता मोठ्या संघात तिला जागा मिळाली तर गार्डचीच मिळणार होती, म्हणजे बॉल आपटत पुढे आणणारीची. नाही मिळाली तर महिनाअखेरीला वसतिगृहातली खोली सोडायची, आणि खेळही. तीन महिने ती गच्चीवर एकटीच सराव करतेय, असं वॉर्डनबाई म्हणाल्या होत्या.

शिट्टी झाली. तिनं बॉल आपटत निम्मं कोर्ट पार केलं. बरं चाललं होतं. मग जेमतेम पाच फुटांची एक चपळ पोरगी अंगावर आली आणि शिडीचे हात आपोआप वर गेले. बॉल डोक्यावर. असा एकदा हातात धरला की पुन्हा आपटता येत नाही. ती पोरगी नुसती हात पसरून उभी राहिली, पाच सेकंद गेले आणि नियमाप्रमाणे बॉल समोरच्यांकडे गेला. दहा वेळा खेळवलं. सात वेळा हेच.

“ही सवय कुणी लावली हो हिला?” समितीतल्या बाईंनी विचारलं. त्या नवीन होत्या, मीच ‘शिडीचे सर’ हे बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

“मी,” म्हणालो आणि सगळ्यांत आधी सही केली.

ती बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती रडेल किंवा शिव्या घालेल, दोन्हीची तयारी होती. खरं तर शिव्यांचीच वाट बघत होतो.

“नाही झालं ना, सर?”

“नाही.”

“वाटलंच.” दुसरी नाडी सोडून झाल्यावर म्हणाली, “सकाळी सहाला तुमची छोट्या मुलींची बॅच असते ना? मी येऊ?”

“अगं, त्या नऊ-नऊ वर्षांच्या आहेत.”

“मी मागे उभी राहीन.”

“आणि खोली?”

“ती महिनाअखेरीला सोडायचीय. अजून अकरा दिवस आहेत.”

दुसऱ्या दिवशी ती रांगेत शेवटी उभी होती. पुढच्या पोरी मागे वळून वळून बघत होत्या, एक-दोघी हसल्याही. तिची पाळी आली. गुडघे वाकवून ती निघाली आणि समोरच्या चिमुरडीनं सहज बॉल काढून घेतला. हात मात्र या वेळी वर गेले नव्हते. शिडी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

बाई गं, आता उशीर झालाय, नाद सोड, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं आजवर माझा शब्द खाली पडू दिला नव्हता, हाही दिला नसता. मी शिट्टी फुंकली आणि रांग पुढे सरकली.