पाचवं पिंप

पिंपळगाव बसवंतजवळचं बहिरूकाकांचं शेततळं द्राक्षांसाठी खणलेलं. नाशिकच्या एका लहान कंपनीनं ते महिनाभरासाठी मागून घेतलं, तेव्हापासून सुहाना रोज सकाळी तिथं यायची. कामातला जोडीदार रविराज आठवड्यापूर्वी दुसऱ्या कामावर गेला. मग ती, तळं आणि ते पिवळं यंत्र.

यंत्र माणसाएवढं लांब. युद्धनौकेवरून पाण्यात सोडलं की ते एकटंच पुढं जातं, आवाज सोडतं आणि तळावरून परतणाऱ्या आवाजातून चित्र काढतं. शत्रूनं पेरलेला पाणसुरुंग त्या चित्रात दिसला, तर मागची नौका थांबते. नाही दिसला, तर थांबत नाही.

इथं सुरुंगांच्या जागी सिमेंट भरलेली पाच पिंपं होती. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटू नये, यासाठी गोणपाटात गुंडाळलेली. नियम एकच: पिंपं बुडवणाऱ्यानं चित्र वाचायचं नाही. जे ठाऊक असतं, ते नसलं तरी डोळ्यांना दिसतं.

आज पिंपं बुडवायला बहिरूकाका तराफ्यावर गेले. सुहाना पाण्याकडे पाठ करून बसली. काठावर येता येताच काका म्हणाले, "चार मधोमध ठेवलीत, एक मोटारीच्या अंगाला. कागदाच्या चुण्यांपासून लांब. तुझी परीक्षा हाय ना, पोरी."

सुहाना पाण्याकडे वळली. यंत्र सोडलं. पाचही दिसली, काकांनी सांगितलेल्या जागीच. आपण ती पाहिली, की आधीच जाणत होतो, हे तिला सांगता येईना.

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "किती?"

"पाच. पण जागा मला आधीच कळल्या होत्या, सर."

"ते कुणाला कळणारे? उद्या नौदलाची माणसं येतायत. संध्याकाळपर्यंत अहवाल पाठव."

फोन ठेवून तिनं काकांना विचारलं, "पुन्हा ठेवाल का?"

"चुकलं का माझं?"

"मायेनं ठेवलीत, काका. आता वैऱ्यासारखी ठेवा. आणि मला सांगू नका."

काका हसले. "मग नाय घावायची तुला. भाऊबंदकीत जन्म गेलाय माझा."

दोऱ्या ओढून पिंपं काढायला, पुन्हा बुडवायला दुपार गेली. यंत्र पाण्यात उतरताना काकांनी विचारलं, "आत कुणी बसतंय का याच्या?"

"नाही. सुरुंग फुटलाच तर माणूस जाऊ नये."

"म्हंजी सोबतीला कुणीच नाय त्याला."

सुहाना पडद्याकडे बघत राहिली. एक, दोन, तीन, चार. तिनं चित्र तीनदा तपासलं. बाकी सगळीकडे नुसत्या कागदाच्या चुण्या. पाचव्याची जागा माहीत असती, तर कुठल्याही चुणीत तिला ते दिसलं असतं.

तिनं अहवाल लिहिला. पहिली चाचणी बाद, कारणासह. दुसरी, पाचपैकी चार. पाठवला.

वीस मिनिटांनी साहेबांचा निरोप आला: 'उद्या रविराज येईल. तू सुट्टी घे.'

तिनं तो दोनदा वाचला. घरी कुणाला तरी फोन करावा, असं मनात आलं, पण सांगायचं काय, हे सुचेना.

काकांनी तिचा चेहरा पाहिला. "ते राहिलेलं पिंप..."

"सांगू नका."

"नाय सांगत. काढू का वर, एवढंच विचारतोय."

"राहू द्या तिथंच."

काका घराकडे निघाले. पाटाच्या वळणावर एकदा थांबले, मग वेलींआड गेले. सुहानानं यंत्राचा वेग कमी केला, त्याला तळाच्या आणखी जवळून जायला लावलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. पिवळी पाठ बुडाली. पडद्यावर चित्र पहिल्या ओळीपासून उमटू लागलं, आणि ती एकेक चुणी वाचत बसली.