टिटवीचा पहिला कॅमेरा

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसा तो कॅमेरा माझ्या भाचीच्या हातात दिसत होता. पुढे हातभर लांब भिंग, मागे अकरा वर्षांची काडीपैलवान, आणि तिच्या नाकावर मीच बनवलेला चष्मा.

"हाच," ती म्हणाली. "बाबांकडे होता तसा."

"म्हणूनच नको," मी म्हणाले.

दुकानदार काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकला. माणूस समजूतदार आहे, आणि त्याचा चष्माही माझ्याच दुकानातला आहे.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला. बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत तळं झालंय, तिथे पक्षी येतात. त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग एकाच मापाचं होतं. लांबचं जवळ दिसायचं, पण ते लहान-मोठं करता यायचं नाही. बगळ्याने पंख पसरले, तो चौकटीत मावेना, म्हणून माझा शहाणा भाऊ डोळा तसाच कॅमेऱ्याला लावून मागे सरकला. मागे खाणीचा कडा होता. कॅमेऱ्याचा चुरा झाला, आतलं कार्ड तेवढं वाचलं. त्यातल्या शेवटच्या फोटोत बगळा आहे आणि त्याचा एक पंख चौकटीबाहेर कापला गेलाय. लोक म्हणाले, पाय घसरला. मी तो फोटो बघितलाय. पाय घसरला नाही, जागा संपली.

त्यानेच मुलीला टिटवी म्हणायला सुरुवात केली, कारण ती झोपेतसुद्धा गप्प बसत नसे. प्राणी बघताना मात्र ही बाई दगड होते. सहा वर्षांची असल्यापासून ती त्याच्याबरोबर पहाटे उठून जायची. तो गेल्यावर आईचा फोन घेऊन अंगणात बसू लागली. त्या फोनमध्ये खार म्हणजे तपकिरी डाग. वर्षभर तिने कॅमेरा मागितला आणि वर्षभर वहिनी नाही म्हणाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. मग गेल्या आठवड्यात वहिनी माझ्या दुकानात आली आणि चष्म्यांच्या काचेच्या कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "ताई, आता तुम्हीच ठरवा. घ्यायचा तर घ्या, नाही तर तिला नाही म्हणून सांगा. माझ्याच्याने दोन्ही होत नाही. पण उद्या तिचं काही झालं तर..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. ती धोंड माझ्या गळ्यात बांधून ती निघून गेली.

मी भोळीभाबडी नाही. मी चष्मे बनवते, लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारते आणि जे दिसेल तेच मानते. म्हणून कॅमेराही डोळे उघडे ठेवून निवडायचा ठरवलं. दुकानदाराने दुसरा दाखवला तो मला पटला. वजनाने हलका, भिंग अंगालाच जोडलेलं आणि आत-बाहेर सरकणारं. जागेवरून न हलता खारीची मिशीही दिसते आणि अख्खं झाडही. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक छोटी चकती होती, ती फिरवून आपला नंबर जुळवता येतो. मी ती फिरवून टिटवीचा नंबर बसवला.

"याने मागे सरकावं लागत नाही," मी तिला म्हणाले.

"मागे सरकायची मला भीतीच नाही आत्या," ती म्हणाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मला तेव्हा वाटलं. दुकानदाराने दोन्ही कॅमेरे घरी नेऊन बघायला दिले. "तिच्या हातांना विचारा, माझं ऐकू नका," म्हणाला.

शनिवारभर ती गल्लीत फिरली आणि मी रस्त्याच्या पलीकडून तिच्यामागे सावलीसारखी. कचरापेटीवरचं मांजर, दुरुस्तीच्या गॅरेजबाहेरचा लंगडा कुत्रा, पाण्याच्या टाकीखाली बसलेला पिंगळा, ते इवलंसं घुबड. कधी हा कॅमेरा, कधी तो. संध्याकाळी दुकानात येऊन मी फोटो मोठ्या पडद्यावर लावले. सुरेख होते. माझ्या मेल्या भावाला हेवा वाटला असता इतके सुरेख.

मग मला काहीतरी खटकलं.

डोळे तपासताना मी समोरच्याला सांगते, माझ्याकडे बघू नका, माझ्या कानावरून मागे भिंतीवरच्या अक्षरांकडे बघा. माझा चेहरा त्यांच्या अगदी जवळ असतो आणि तरी त्यांचे डोळे मला ओलांडून पलीकडे गेलेले असतात. वीस-बावीस वर्षं मी ती नजर दिवसभर बघते. ती मला झोपेत दाखवा, मी ओळखीन. मांजराची नजर तशी होती. कुत्र्याचीही. पिंगळ्याचे तर दोन्ही डोळे समोर असतात, त्याच्याबद्दल शंकाच नव्हती. तिघेही टिटवीला ओलांडून तिच्या डाव्या खांद्याच्या वर बघत होते. उंची प्रत्येक वेळी तीच. एखादा उंच माणूस मुलीच्या मागे उभा राहावा, तेवढी.

माझ्याकडे बघत असतील, मी स्वतःला समजावलं. पण मी तर रस्त्याच्या पलीकडे उजवीकडे उभी होते, आणि मी बुटकी आहे. मी पडदा बंद केला. मला भावाची इतकी आठवण आली की मी तिथेच स्टुलावर बसून रडले. वर्षभरात पहिल्यांदा.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, टिटवी तिथल्याच टाकीजवळ दोन्ही कॅमेरे घेऊन मांजराची वाट बघत बसली होती. मी तिच्या मागे गेले आणि सहज, अगदी सहज म्हणून तिच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिले.

"आत्या, थोडी बाजूला हो ना," ती कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली. "बाबांना जागा नाही राहिली."

मी बाजूला झाले.

"ते... असतात?"

"कॅमेरा लावला की असतात. फोनच्या वेळी नव्हते." ती नेहमीच्या आवाजात बोलत होती, शाळेतलं काही सांगावं तशी. "बोलत नाहीत काही. मी मागे सरकले की पाठीला हात लावतात. मग सरकताच येत नाही."

दोरीवरच्या चादरीमागे कपडे झटकायचा आवाज थांबला.

वहिनी पुढे आली. तिच्या हाताला साबणाचा वास होता. मला वाटलं, आता ही मुलीला ओरडेल, नाही तर कॅमेरा उचलून खाली फेकेल. तिने दोन्ही कॅमेरे बघितले आणि त्यातला लांब भिंगाचा, त्याच्यासारखा, उचलला. पट्टा गळ्यात अडकवला.

"उभी राहा," ती मुलीला म्हणाली. "तुझा फोटो काढते."

टिटवी उभी राहिली. वहिनीने डोळा लावला.

"मावत नाहीये," ती म्हणाली, आणि एक पाऊल मागे सरकली.

त्या गच्चीला तीन बाजूंनी कठडा आहे. चौथ्या बाजूला खाली उतरणारा जिना, आणि त्याला कठडा नाही. भाऊ दरवर्षी बसवतो बसवतो म्हणायचा.

"अजून मावत नाहीये." दुसरं पाऊल.

"वहिनी, मागे जिना आहे," मी म्हणाले.

तिने ऐकलं नाही. किंवा ऐकलं, तिलाही तो ठाऊकच होता. ती पावलं अगदी सावकाश टाकत होती आणि प्रत्येक पावलानंतर थोडं थांबत होती. दार वाजवून माणूस आत कोणी आहे का याचा कानोसा घेतं, तसं. तेव्हा मला कळलं की ती फोटो काढतच नाहीये. पोरीला जे मिळतं ते आपल्यालाही एकदा मिळतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

तिसरं पाऊल. तिच्या पाठीला कोणाचाही हात लागला नाही.

मी चपला तिथेच टाकल्या आणि धावले. ओरडले असते तर ती दचकून गेली असती. ओल्या चादरीखालून वाकून मी जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचले आणि तिची टाच हवेत असताना माझा तळहात तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, घट्ट टेकवला.

ती जागच्या जागी थांबली. वळली नाही. कॅमेऱ्यामागून तिचा श्वास मला ऐकू आला.

"आलास?" ती म्हणाली.

मला ती ताई म्हणते, अहो-जाहो करते. हे माझ्यासाठी नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर माझा आवाज ओळखू आला असता.

"किती उशीर," ती म्हणाली. तिची पाठ माझ्या हाताखाली हळूहळू सैल पडत होती. समोर टिटवी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, प्राणी बघताना होते तशी दगड होऊन.

"कॅमेरा घेऊ देऊ का रे तिला?" वहिनीने विचारलं.

निर्णय तर माझाच होता, आठवडाभरापासून. पण आता तो भावाच्या नावावर द्यायचा होता, आणि खरा भाऊ जर तिथे कुठे असलाच, तर तो बघत होता. त्याला काय वाटलं असेल, हे मला आजही माहीत नाही.

मी तळहात थोडा दाबला.

वहिनीने मान डोलावली. गळ्यातला पट्टा काढला, तो जड कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि हलका कॅमेरा घ्यायला टिटवीला खुणेनेच सांगितलं. मग डोळे मिटून ती माझ्या हातावर रेलली. मी हात काढला नाही.