ओली शाई

लॅबमध्ये त्याला सगळे बाटल्या म्हणायचे. ऑपरेशनात माणसाच्या अंगातून जे काढलं, ते फॉर्मालिनच्या बाटलीत घालून याच्याकडे यायचं. तो वास अंगात इतका मुरलेला, की बायको दारातच अडवायची. आधी आंघोळ, मग बाकीचं.

तिथं एक नियम होता. कुठं लिहिलेला नाही, पण सगळे पाळायचे. घरच्या माणसाच्या तुकड्याला आपण हात लावायचा नाही. आणि त्या दिवशी बाटलीत आली दादाची जीभ. अर्धी.

दादा बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचा. तोंडाचा पट्टा असा, की टोमॅटो घ्यायला आलेला माणूस कोबीचं पोतंही उचलून जायचा. कॅन्सर नेमका तिथंच बसला. उरलेल्या अर्ध्या जिभेवर बोबडं का होईना, बोलत होता बिचारा. आता प्रश्न एवढाच, की कापलेली कड साफ आहे का. साफ असली तर सुटला. नसली तर उरलेलीही काढायची.

"तू नको, मी करतो," लॅबमधला जोडीदार म्हणाला.

"गप बस. तू भिंत रंगवल्यासारखी शाई थापतोस. माझा भाऊ आहे तो."

बाटल्यानं तुकडा पुसला, कडेला काळी शाई लावली. मायक्रोस्कोपच्या काचेखाली कड ओळखू यावी म्हणून ती लावतात. रोग शाईला टेकलेला दिसला, की समजायचं, तोंडात अजून उरलाय. शाई वाळू द्यायची, मगच लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तुकड्याला सुरी घालायची. पण बाहेर बाकावर वहिनी बसलेली. सारखी डोकवायची.

"भावजी, आजच होईल ना हो?"

तुकडे काचेसाठी तयार करणारं मशीन लागायची वेळ झालेली. ते चुकलं तर सुट्टी उलटेपर्यंत वाट बघा.

"वाळली का रे?" बाईंनी विचारलं.

"वाळली."

सुरी फिरली आणि तिच्याबरोबर शाई आत ओढली गेली. दोघांनीही पाहिलं.

"ओली होती," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पातळ कापांच्या काचा तयार झाल्यावर बाई बराच वेळ बघत बसल्या. आणखी खोल काप घेऊन बघितलं. "रोगाला शाई लागलीय. मुळात कडेला होता की सुरीनं शाई तिथं नेली, मला नाही सांगता येत. सर्जनना तसंच कळवते."

"मग ते काय करतील?"

"तू काय केलं असतंस?"

सर्जननी उरलेली जीभ काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी दादा बोबडं बोलला, "तू होताश म्हणून शापडलं. दुशऱ्याच्या नजरेतून शुटलं अशतं." बाटल्यानं सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

दुसरी बाटली आली. या खेपेला तो दारात उभा राहिला. जोडीदारानं शाई लावली, चांगली खडखडीत वाळू दिली. काचा आल्या. रोगाचा मागमूस नाही, कुठल्याच तुकड्यात. बाईंनी मान वर केली, याच्याकडे बघितलं, आणि पुढची काच घेतली.

वहिनी आनंदानं रडली. दादानं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि काहीतरी म्हणाला. नुसता घशातला आवाज.

"तुमचे आभार मानतायत, भावजी. अजून नीट बोलता येत नाही ना."

"येईल," बाटल्या म्हणाला.

यायचं नव्हतं, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.