जानकीबाईंचं घर आणि वीस बाजूंचा फासा

मी एक जुना मातीचा फासा आहे, वीस बाजूंचा. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातलं जानकीबाईंचं घर कधीच उभं राहिलं नाही. मित्रांनो, हे मी बोललोच नाही असं धरा. घर उभं राहणार आहे. आपण पहिल्यापासून सुरू करू.

साल एकोणीसशे ब्याण्णव. भिवंडीतल्या मास्तरांच्या अवधूतला परदेशातल्या मामाने एका खेळाचं पुस्तक पाठवलं. आपण मांत्रिक व्हायचं, फासा टाकायचा आणि मंत्राच्या जोरावर मातीतून किल्ले उठवायचे. फासा मात्र पोस्टात हरवला. मग त्याचा कॉलेजातला दोस्त केसरीनाथ याने पूर्ण्यातल्या आपल्या शेताची माती मळून मला घडवलं, आणि त्याच्या आईने, जानकीबाईंनी, मला भाकरीशेजारी चुलीत भाजलं. माझी सतरावी बाजू भाकरीला चिकटली. ती केसरीनाथच्या वडिलांनी, तुळशीरामांनी, खाल्ली. तेव्हापासून सतरा कधी पडला नाही. कोणाचं काही अडलंही नाही.

दहाच्या वर पडलो की भिंत, वीस पडलो की अख्खं घर. माझं फार कौतुक होई. पण शेताच्या देवाला विचारल्याशिवाय केसरीनाथ खेळातलीसुद्धा माती उचलत नसे. भिंतीगणिक नारळ परवडेना, तेव्हा शेंगदाणा फोडू लागले. एकदा अवधूतच्या मांत्रिकाने केसरीनाथच्या किल्ल्यातच आपला बुरूज उठवला. केसरीनाथ भडकला. "माती मालकाचंच ऐकल. दुसऱ्याच्या जागंत मंत्र चालायचा न्हाय!" अवधूतने नियम मान्य केला.

पुढच्या वर्षी गोदामवाले आले. तुळशीरामांनी शेत दिलं, त्यातलं कुडाचं घरही दिलं. कोपऱ्यात नव्या घरापुरती जागा ठेवतो म्हणाले होते. सौद्यात कोपराही गेला. त्या दुपारी जानकीबाई खेळाला येऊन बसल्या.

"केसऱ्या, मना एक घर बांद. पूर्वेला ओटी. चूल अशी, का भाकर थापताना शेत दिसल."

"आये, यो खेळ हाय."

"मंग खेळात बांद. खऱ्यात तुज्या बापानं बांदलं काय?"

शेंगदाणा फुटला. मी जीव खाऊन गडगडलो आणि वीस पडलो. केसरीनाथ ओरडणार, तोच अवधूत खाली बघत म्हणाला, "केसरी, जागा आता तुमची नाही. नियम तूच केलास."

"अरे, माजी आय हाय ती!"

"माहीत आहे रे. मलाही वाईटच वाटतंय."

जानकीबाईंनी शेंगदाण्याचा एकेक दाणा दोघांच्या हातावर प्रसाद म्हणून ठेवला. "नियम हाय तं हाय. पन ती माती मना वलखते, बाला."

त्यानंतर दोघं कधी खेळले नाहीत. मी भांड्यांच्या फळीवर धूळ खात पडलो. घर पाडलं, शेतात मुरमाच्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा जानकीबाई मला घेऊन गेल्या. जुन्या चुलीच्या राखेत, वीस वर करून, त्यांनी मला पुरलं. "उठ गो माय," मातीला म्हणाल्या आणि शेजारच्या काल्हेर गावात भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. तिथल्या खिडकीतून भिंत दिसते.

माझ्यावर मुरूम पडला, त्यावर काँक्रीट, त्यावर गोदाम, गोदामात खोकी. मी हललेलो नाही. अजून वीसच आहे.

मित्रांनो, माती विकण्याआधी तिला एकदा विचारत जा. ती नाही म्हणत नाही. पण विचारल्यावर तिला बरं वाटतं.

सबब संबंधित अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, सदर गोदाम मालासह, कामकाजात अडथळा न आणता, एखाद्या सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ उचलून धरण्यात यावे, जेणेकरून खालील घरास वर येता येईल. घर लहान आहे. कळावे.