उशाचा टोमॅटो

माझा भाचा अमोल दिंडोरीहून हिरव्या टोमॅटोची दोन कॅरेट घेऊन आला. आमचं सिडकोतलं घर दोन खोल्यांचं. एक कॅरेट बाहेरच्या खोलीत राहिलं, दुसरं माझ्या पलंगाखाली गेलं. सकाळी बाहेरचे टोमॅटो होते तसेच हिरवे, दगडासारखे. पलंगाखालचे लालभडक.

"मामा, पुढच्या तोड्याला तुम्हालाच शेतावर नेतो," अमोल हसला. मग शेतकी कॉलेजात शिकल्याचं त्याला आठवलं. "पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो. त्यानं शेजारचं कच्चं फळ पिकतं. आधी रंग चढतो, मग गोडी येते, मग मऊ पडतं. शेवटी चवच जाते."

"पण कॅरेटमधले तर सगळेच कच्चे होते ना रे?" माझ्या बायकोनं, उज्वलानं विचारलं.

"हो ना मामी. म्हणजे खोलीत आधीच कुणीतरी..." अमोलनं चहा एका घोटात संपवला आणि त्याला एकदम घरची घाई झाली.

डॉक्टरांनी मला ठणठणीत ठरवलं होतं. पण डॉक्टर काही रात्रभर माझ्या पलंगाखाली झोपले नव्हते. म्हणून मीच परीक्षा ठरवली. रोज संध्याकाळी एक कडक हिरवा टोमॅटो उशाशी ठेवायचा. सकाळी हिरवाच राहिला, तर आपलं अजून बरंच बाकी आहे.

सकाळी हिरवा. दुसऱ्या दिवशीही हिरवाच. मी पुन्हा शेजाऱ्यांना नावं ठेवू लागलो.

फक्त जेवणात रोज टोमॅटोचं सार येऊ लागलं. माझ्यापुरतं, एकच वाटी. आधी छान आंबटगोड असायचं, मग नुसतं गोड, आणि परवापासून पाणचट.

काल संध्याकाळी मी उशाच्या टोमॅटोवर नखानं बारीक चंद्रकोर काढली. आज सकाळी टोमॅटो हिरवागार, चंद्रकोर गायब. टोमॅटोची जखम रात्रीत भरून येते, असं मी तरी ऐकलेलं नाही.

दुपारी सार आलं. आज गाळायचं राहिलं होतं. वर लाल सालीचा तुकडा तरंगत होता आणि त्यावर चंद्रकोर.

उज्वला पोळीला तूप लावत होती. लावलेल्या पोळीलाच पुन्हा लावत होती.

"कसं झालंय हो?"

"फक्कड. अजून वाढ."

"अमोलला आणखी हिरवे आणायला सांगितलेत."

"भरपूर आण म्हणावं," मी म्हणालो आणि सालीसकट वाटी पिऊन टाकली.