बसल्या जागी झोपणारी माणसं

मी खुर्ची. सरकारी रुग्णालयात, सर्जरीच्या वॉर्डाशेजारी, शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीत राहते. गप्पा मारायला मला कुणी मिळत नाही. माझ्यावर टेकणारा टेकताक्षणी झोपतो.

सुताराने मला घडवलं ते मोठ्या सिस्टरांसाठी. एक पाय लंगडा झाला नि माझी बदली इथे झाली. वाईट वाटलं नाही. इथली पोरं टाक्यांचा उरलासुरला दोरा माझ्या हाताला बांधून गाठी मारायला शिकतात. माझ्या अंगावर किती बोटं तयार झाली, देव जाणे.

यंदा एक मुलगी आली. सगळे तिला चिमणी म्हणत. गाठ मारता मारता गुणगुणायची. सहा महिन्यांत ते गुणगुणणं थांबलं, मग डबा उघडणं, मग केस विंचरणं. छत्तीस तासांची एक ड्युटी संपते न संपते तोच दुसरी दारात उभी.

पाच दिवसांपूर्वी, भर दुपारी तिच्या आईचा फोन आला. "अगं, बाबा न्हाणीघरात पडले. उठताच येत नाहीये त्यांना."

चिमणीने डोळे मिटूनच विचारलं, "पेशंटचं वय किती?"

पलीकडून आई हळूच म्हणाली, "बाळा, तुझे बाबा गं."

फोन ठेवून ती रडली नाही. रडली असती तर माझा जीव भांड्यात पडला असता. तिने कागद ओढला आणि राजीनामा लिहायला घेतला.

तिचा सीनियर आत आला. कागदावर नजर टाकून म्हणाला, "लिही, लिही. दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. मीही लिहिला होता. सही करता करता झोप लागली."

ती हसली नाही. "सर, बाबा पडले, आणि मी आईला पेशंटचं वय विचारलं."

त्याचा चेहरा उतरला. मग कागदाची घडी करून त्याने स्वतःच्या खिशात घातली. "आधी घरी जा. हे आल्यावर ठरव. मोठ्या सरांशी मी बोलतो. आठवडाभर तुझे पेशंट माझ्याकडे."

"आणि तुम्ही झोपणार कधी?"

"तू निघ गं. बस चुकेल."

ती गेली. परत येवो, पण पोटभर झोपून येवो, एवढंच मी रोज मागते.

तो आत्ता माझ्यावर बसलाय. बूट पायातच आहेत, तोंडातला घास तोंडातच, आणि डोळा लागलाय. एकमेकांना द्यायला या लेकरांकडे स्वतःची झोप तेवढी होती. तीही त्याने देऊन टाकली. बाहेरून त्याला हाका येताहेत. दाराशी जे कुणी असाल त्यांना माझी विनवणी आहे, घास गिळेपर्यंत तरी थांबा.